शाळेत नवीन काउन्सेलर म्हणून लागलाय? पहिल्या महिन्यातच ही कामं उरकून घ्या

माझ्या पहिल्या नोकरीत तिसऱ्याच दिवशी प्रॉक्सीच्या, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी तास घ्यायच्या, रजिस्टरमध्ये माझं नाव आलं. आठवी ब, चौथा तास. मला उलट बरंच वाटलं, म्हटलं चला, आपल्याला स्टाफमधलं धरतायत, मुलांशी ओळखपण होईल. त्या तासाला मागच्या बाकावरून खडू उडाला, मी ओरडले, एका पोराला उभं केलं, तास संपला आणि मी विसरूनही गेले. दोन आठवड्यांनी त्याच पोराला क्लास टीचर माझ्या खोलीत घेऊन आल्या. घरी काहीतरी मोठं चाललेलं, तो वर्गात झोपत होता, आणि माझ्यासमोर तो पंचवीस मिनिटं गप्प बसला. बुटाची नाडी बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. शेवटी एवढंच विचारलं, "मॅडम, मी उभं राहू का?"

तेव्हापासून कुठलंही काम अंगावर आलं की मी एकच बघते, हे केल्यावर मूल माझ्या खोलीत आपणहून येईल का. येणार असेल तर काम माझ्या जॉबमधलं नसलं तरी मी करते, येणार नसेल तर कितीही छोटं असलं तरी नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका प्रश्नातून आलंय. बाऊंड्री, म्हणजे आपल्या कामाची हद्द आखणं, म्हटलं की लोकांना वाटतं ही बाई कामचुकार आहे किंवा हिला फार शिष्टपणा आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

पायरी १: आपलं काम कागदावर आणा

जॉइनिंग लेटर काढून बघा. बहुतेक वेळा तिथे दोन ओळी असतात आणि शेवटी "वेळोवेळी सांगितली जातील ती इतर कामे". सगळी गंमत त्या "इतर" मध्ये आहे. ते खोडता येत नाही, पण वरच्या दोन ओळींच्या वीस ओळी करता येतात आणि त्या तुम्हीच लिहायच्या, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

एका पानावर तीन रकाने करा. माझं, आमचं, माझं नाही. "माझं" मध्ये मुलांशी एकेकट्याने बोलणं, छोटे गट, वर्गात घ्यायची लाइफ स्किल्सची सेशन्स, पालकांशी आणि शिक्षकांशी सल्लामसलत, बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवणं. "आमचं" मध्ये अॅडमिशननंतर नवीन मुलांचं रुळणं, सतत गैरहजर मुलं, परीक्षेचं टेन्शन, म्हणजे जिथे क्लास टीचर, तुम्ही आणि ऑफिस तिघंही लागता. "माझं नाही" मध्ये शिक्षा देणं, चोरीची चौकशी, रोजच्या प्रॉक्सी, पेपर आणि मार्कशीटचं काम, निदान करणं. हा तिसरा रकाना लिहिताना हात अडखळतो, अडखळू दे, पण लिहा.

आधार हवा असेल तर अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन या संघटनेने अशी यादीच केलेली आहे, काउन्सेलरने कुठली कामं करावीत आणि कुठली त्याच्यावर टाकू नयेत. शिस्तीची कारवाई, गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळणं, परीक्षांचं कोऑर्डिनेशन हे सगळं त्यात दुसऱ्या बाजूला आहे. त्यांचं म्हणणं असं की किमान ८० टक्के वेळ मुलांसाठीच्या थेट आणि अप्रत्यक्ष कामात जावा आणि २५० मुलांमागे १ काउन्सेलर असावा. तुमच्या शाळेत १५०० मुलं आणि तुम्ही एकट्या असाल तर हिशोब सरळ आहे, सहा जणांचं काम एकटीकडे. पण हा आकडा भांडायला वापरू नका, कुणी नोकरीवर अजून पाच माणसं घेणार नाहीये. "सगळ्यांना पुरणार नाही, तर आधी कुणाला" हे ठरवायला वापरा, तिथे तो कामाला येतो.

इथे एक फरक समजून घ्या, मला फार उशिरा कळला. १९६४ साली रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरीतल्या ताणाचा अभ्यास करताना दोन वेगळ्या गोष्टी मांडल्या, रोल अॅम्बिग्युइटी आणि रोल कॉन्फ्लिक्ट. सोप्या भाषेत, तुमचं काम काय हे कुणालाच धड माहीत नाही ही पहिली, आणि प्रत्येकाला माहीत आहे पण प्रत्येकाचं वेगळं आहे ही दुसरी. पहिलीवर उपाय म्हणजे सांगत सुटणं, स्टाफ मीटिंगमध्ये दहा मिनिटं मागून घ्या आणि ते पान दाखवा. दुसरीवर सांगून उपयोग नाही. प्रिन्सिपलना वाटतं तुम्ही रिझल्ट सुधारायला आहात, सुपरवायझरना वाटतं वर्ग शांत ठेवायला आहात, तर तुम्ही मध्ये उभं राहून दोघांना खूश करायला जाल आणि मराल. त्या दोघांना एका टेबलावर आणा आणि विचारा, तुमच्यापैकी कुणाचं धरू. बहुतेक वेळा त्यांना पहिल्यांदाच कळतं की आपलं एकमत नाहीये.

पायरी २: प्रिन्सिपलसोबत अर्धा तास

हा अर्धा तास पहिल्या दोन आठवड्यांतच मागा. नंतर कामं सुरू झाली की ते "बघू" म्हणतात. एवढं विचाराच:

मी रिपोर्ट कुणाला करते. एखाद्या मुलाने गंभीर काही सांगितलं तर मी पहिलं कुणाला सांगायचं, आणि ती व्यक्ती त्या दिवशी नसेल तर दुसरं कोण (हा दुसरा प्रश्न लोक विसरतात, आणि नेमका तोच दिवस येतो). माझ्या नोंदी कोण बघू शकतं. पालकांना बोलावणं माझ्या नावाने जाणार का ऑफिसच्या. शाळा सुटल्यावर मी किती वाजेपर्यंत उपलब्ध आहे.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी मेल टाका. "सर, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी पुढचे मुद्दे धरून चालते आहे, काही बदल असेल तर कळवा." बस. उत्तर आलं नाही तरी चालतं, तारीख तर पडली. यात कुणावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, सहा महिन्यांनी दोघांनाही आठवत नसतं म्हणून करायचं.

पायरी ३: मुलाला पहिल्या दोन मिनिटांत काय सांगायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

"तू सांगशील ते मी कुणालाही सांगणार नाही" हे वाक्य कधीही म्हणू नका. कधीही म्हणजे कधीही. मूल रडत असतं, आपल्याला त्याला मोकळं करायचं असतं आणि तोंडातून निघून जातं. मग तेच मूल सांगतं की घरातलं कुणीतरी त्याला हात लावतं, आणि आता तुम्ही एकतर शब्द मोडणार नाहीतर कायदा मोडणार, आणि मुलाला धोक्यात ठेवणार ते वेगळंच. बाललैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं कित्येक ठिकाणी कायद्याने सक्तीचं आहे, तुमच्या इथला नियम काय, कुठे कळवायचं, किती वेळात, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वाचून ठेवा, घटना घडल्यावर शोधायला बसू नका.

मुलाने सांगितलेलं आपल्यापाशीच ठेवायचं हा नियम, त्याला अपवाद साधारण तीन. मूल स्वतःला इजा करेल असं वाटतंय, ते दुसऱ्याला इजा करेल असं वाटतंय, किंवा त्याला कुणीतरी इजा करतंय. चौथा म्हणजे कोर्टाने मागितलं तर. दुसऱ्या अपवादामागे कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाचा १९७६ चा टॅरासॉफ खटला आहे, पेशंटपासून एखाद्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं ही थेरपिस्टची जबाबदारी आहे असं त्यात ठरलं. तो कायदा तिथला, पण या क्षेत्रात शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो कधी ना कधी शिकवला जातो.

आता हे मुलाच्या भाषेत. तिसरीतल्या मुलीला मी असं सांगते: "तू इथे बोललेलं इथेच राहतं. पण तुला कुणी त्रास देत असेल, किंवा तुला किंवा दुसऱ्या कुणाला लागेल असं काही असेल, तर मला एका मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागते. घेताना तुला आधी सांगेन." दहावीतल्या पोराला हेच, पण सरळ, आणि शेवटी विचारते, "यात काही खटकतंय का?" त्यांना खटकतं. एकाने मला विचारलं होतं, "सिगारेट ओढली तर ते कशात बसतं?" चांगला प्रश्न. मी म्हटलं, त्याने लगेच मी फोन उचलणार नाही, पण आपण त्यावर बोलणार. मग तो बोलला.

आणि समजा सांगायची वेळ आलीच. तेव्हा मूल तुमच्यासमोर असतानाच ठरवा, त्याच्या पाठीमागे नाही. "मला हे घरी सांगावं लागणार आहे, हे बदलता येणार नाही. पण आधी आईला का बाबांना, तू खोलीत थांबणार का बाहेर, मी बोलू का तू, हे तू सांग." बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १२ हेच म्हणतं, मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं म्हणणं ऐकलं जावं. घरचाच माणूस त्रास देत असेल तर मात्र घरी फोन करायच्या आधी थांबा, तिथे ठरलेल्या यंत्रणेकडेच जायचं. आणि जीव देण्याची भाषा असेल तर मुलाला एका मिनिटासाठीही एकटं सोडायचं नाही, तुम्ही फोन करायला बाहेर गेलात तर आत दुसरं मोठं माणूस हवं.

पायरी ४: "काय म्हणाला गं तो?"

कॉरिडॉरमध्ये, जिन्यात, मधल्या सुट्टीत हा प्रश्न येणार. विचारणारी व्यक्ती वाईट नसते, बऱ्याचदा त्या बाईनेच त्या मुलाची काळजी करून तुमच्याकडे पाठवलेलं असतं. "कॉन्फिडेन्शियल आहे" असं म्हणून पुढे गेलात की त्या परत मूल पाठवणार नाहीत. मी सुरुवातीला तेच केलं आणि स्टाफरूममध्ये मी आले की गप्पा थांबायला लागल्या.

आता मी गोष्ट सांगत नाही, उपयोग सांगते. "मॅडम, आत काय बोलणं झालं ते राहू दे, पण एक कराल का, पंधरा दिवस त्याला उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, आणि उशिरा आला तर सगळ्यांसमोर विचारू नका." त्यांना हातात काहीतरी मिळालं, मुलाची गोष्ट मुलाकडेच राहिली. दहापैकी नऊ जणी यावर खूश असतात. दहावी विचारतच राहते, तिला चहाच्या वेळी दुसऱ्या टेबलावर बसून टाळायचं, दुसरा इलाज मला सापडला नाही.

पायरी ५: शिक्षेची खोली होऊ देऊ नका

"फार बडबड करतोस ना, जा काउन्सेलरकडे." हे एकदा वर्गासमोर झालं की तुमच्या दारात उभं राहणं ही शिक्षा होते, आणि मग ज्या मुलीला खरंच बोलायचंय ती त्या दारासमोरून मान खाली घालून निघून जाते.

यावर रेफरलची, म्हणजे मूल तुमच्याकडे पाठवताना शिक्षकांनी भरायची, छोटी चिठ्ठी करा. तीनच प्रश्न: काय दिसलं, कधीपासून, तुम्ही काय करून पाहिलं. "वागणूक खराब" लिहून आलं तर परत पाठवा, प्रेमाने. तिसऱ्या प्रश्नामुळेच अर्ध्या चिठ्ठ्या येत नाहीत, कारण लिहिता लिहिता लक्षात येतं की आपण अजून काहीच केलेलं नाही.

चौकशीचं पण तसंच. "तुझ्याशी मोकळं बोलतात ना मुलं, विचार की मोबाईल कुणी घेतला." ऐकायला कौतुक वाटतं हो, पण हे एकदा केलंत की ती ओळख संपली. मी म्हणते, "चौकशी तुम्ही करा सर, झाल्यावर त्या मुलाला माझ्याकडे पाठवा, शिक्षा झाली असली तरी." हे त्यांना पटतं, कारण मी काम नाकारत नाहीये, माझ्या वाटणीचं घेतेय.

पायरी ६: नाही म्हणायचं नाही, किंमत सांगायची

थेट "नाही" नव्या माणसाला परवडत नाही. प्रॉक्सी आली तर: "जाते मॅडम, पण त्या तासाला सातवीतल्या तिघींचा ग्रुप आहे, तो कॅन्सल करू का पुढे ढकलू, तुम्ही सांगा." निर्णय त्यांचा, पण आता त्यांना किंमत दिसते. खरंच माणूस नसेल तर जाते मी, मात्र वर्गात गेल्यावर सांगते की आज मी टीचर नाही, वही काढा आणि आपापलं करा, आणि कुणाचं नाव डायरीत लिहायची वेळ आली तर शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलावते.

सोबत पंधरा दिवस वेळेची नोंद ठेवा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. माझ्या पहिल्या नोंदीत निम्म्याहून जास्त वेळ ऑफिसच्या कामात आणि प्रॉक्सीत गेलेला निघाला, मला स्वतःला धक्का बसला, कारण मी रोज दमून घरी जात होते आणि मुलांना भेटत होते कुठे? तो कागद प्रिन्सिपलसमोर ठेवला, एक शब्द तक्रारीचा न बोलता. त्यांनी स्वतःच दोन तास लॉक करून दिले.

बाकी सगळ्यालाच नकार देत बसू नका. गेटवरची ड्युटी, खेळाच्या दिवशी मदत, सहलीला जाणं, सगळे करतात तेवढं तुम्हीही करा. गेटवर उभं राहिलं की कोण एकटं येतं, कोणतं मूल सोडायला आलेल्या माणसाकडे वळूनही बघत नाही, हे फुकटात कळतं.

पायरी ७: आपण थेरपिस्ट नाही आणि मैत्रीणही नाही

शाळेतलं काउन्सेलिंग थोडक्यातलं असतं. मी चार ते सहा भेटींनंतर थांबून बघते, फरक पडतोय का. नसेल तर बाहेर पाठवायचं, आणि पालकांना एकच नाव द्यायचं नाही, दोन-तीन द्यायची, त्यात स्वतःची खासगी प्रॅक्टिस नको. कुठल्याही कागदावर "एडीएचडी" किंवा "डिप्रेशन" लिहू नका, तो अधिकार ज्याचा आहे त्याला लिहू दे. तुम्ही लिहा "दहा मिनिटांत चार वेळा जागेवरून उठला", "बोलताना तीनदा रडली". नोंद अशी लिहायची की ते मूल अठरा वर्षांचं होऊन वाचायला बसलं तर तुम्हाला खाली बघावं लागू नये. आणि स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचं नाव टाकून काहीही नाही, इमोजीसुद्धा नाही.

सहकाऱ्यांचं वेगळंच असतं. महिन्याभरात कुणीतरी दार लोटून घेईल आणि म्हणेल, "जरा माझं ऐकशील का, घरी फार झालंय." ऐका, माणूस म्हणून ऐका, पण एकदा सांगून टाका की मी इथे मैत्रीण म्हणून बसलेय, हे नेहमीचं हवं असेल तर बाहेर चांगलं कुणीतरी सुचवते. नाहीतर उद्या त्यांच्याच वर्गातलं मूल त्यांच्याबद्दल तक्रार घेऊन येईल आणि तुम्ही कुठे बसणार? सहकाऱ्याचं मूल शाळेत असेल तर शक्यतो दुसऱ्या काउन्सेलरकडे, दुसरं कुणी नसेल तर नियम आई किंवा वडिलांसमोर आधी बोलून घ्या, नंतर नाही.

फोन. आपला खासगी नंबर मुलांना द्यायचा नाही, इन्स्टावर रिक्वेस्ट आली तर स्वीकारायची नाही, आणि का ते पुढच्या भेटीत तोंडी सांगायचं, म्हणजे मुलाला झिडकारल्यासारखं वाटत नाही. पण नुसता दरवाजा लावून चालत नाही. रात्री वाईट वाटलं तर कुणाकडे जायचं, घरातलं कोण, हेल्पलाइनचा नंबर कुठला, हे मुलासोबत बसून त्याच्याच हाताने लिहून घ्या. आणि तरीही रात्री पावणेबाराला कुठूनतरी नंबर मिळवून "आता नकोच वाटतंय सगळं" असा मेसेज आला, तर त्या क्षणी ऑफिसची वेळ वगैरे काही नसतं, त्याच्या घरी फोन लावायचा, पहिल्या बैठकीत ठरलेल्या माणसाला उठवायचं. बाऊंड्रीचं बोलणं दुसऱ्या दिवशी.

पालकांचं थोडक्यात: आईवडील वेगळे होत असतील तर एक जण येऊन म्हणेल, "मूल माझ्याकडेच खूश असतं असं लिहून द्या." द्यायचं नाही. कोर्टाने मागितलं तर शाळेमार्फत, तेवढंच.

आणि हे सगळं आधीच बिघडलेलं असेल तर?

वर्षाच्या मध्यात हे वाचत असाल आणि सगळ्या चुका करून झाल्या असतील, तर सगळं एकदम बदलू नका, लोकांना वाटतं हिला काहीतरी झालंय. सुरुवात मुलांपासून करा. मी एका सातवीतल्या मुलीला "कुणालाच सांगणार नाही" असं म्हणून बसले होते, दोन महिने. शेवटी एक दिवस तिला समोर बसवून सांगितलं की मी तुला चुकीचं सांगितलं होतं, खरा नियम असा असा आहे. तिने ऐकून घेतलं, थोडा वेळ खिडकीकडे बघितलं, आणि विचारलं, "मग मी आधी जे सांगितलं ते कुठल्या नियमात?"

मी म्हटलं, त्यात मला कुणाला सांगावं लागेल असं काही नव्हतं, असतं तर मला तेव्हाही सांगावंच लागलं असतं. ती उठून गेली. पुढच्या मंगळवारी आली नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी आली.